अक्कलदाढ काढल्यावर वेप, सिगारेट आणि मावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात अक्कलदाढ काढायला येणारी बहुतेक मुलंमुली कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयाची असतात. दुखेल का, सूज किती येईल, खर्च किती, हे प्रश्न आई-वडिलांसमोर मोकळेपणानं विचारले जातात. वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, प्रश्न मात्र आई औषधं आणायला खाली गेली की येतो, तोही दबक्या आवाजात. काही जण तो विचारतच नाहीत आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळा घेऊन परत येतात. त्यांच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत.

दाताची डॉक्टर म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. दाढ काढल्यानंतरच्या आठवड्यात वेप ओढायची सुरक्षित पद्धत नाही. पण तो आठवडा वेपशिवाय काढता येतो. त्याची तयारी मात्र दाढ काढायच्या आधीपासून करावी लागते. तुमच्या दाताच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचं ऐका, कारण तुमची जखम त्यांनी पाहिली आहे.

दाढ काढल्यावर किती दिवसांनी वेप ओढता येईल?

पहिले ७२ तास अजिबात नाही. खालची दाढ हाडात अडकलेली असेल, हिरडी कापून, हाड थोडं कोरून ती काढली असेल आणि टाके घातले असतील तर ७ ते १० दिवस थांबा, आणि तेही डॉक्टरांनी जखम तपासल्यावर. वरची दाढ सरळ उगवलेली होती, दोन मिनिटांत निघाली, तरी मी पाच-सहा दिवस थांबायलाच सांगते.

७२ तासांचा आकडा ऐकून बरेच जण घड्याळ लावून बसतात. ड्राय सॉकेटचं, म्हणजे दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी जाऊन हाड उघडं पडण्याचं, दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतं, म्हणून हा आकडा सांगितला जातो. चौथ्या दिवशी सकाळी धोका संपला असा त्याचा अर्थ होत नाही. तोंड अजून नीट उघडत नसेल, खड्ड्यातून घाण वास येत असेल किंवा गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नसेल, तर दिवस कितीही झाले असले तरी थांबा.

पण त्या खड्ड्यात असं होतं तरी काय?

दाढ निघाली की तिच्या मुळांच्या जागी जबड्याच्या हाडात खोल खड्डा राहतो. तो रक्तानं भरतो आणि काही मिनिटांत ते रक्त गोठतं. ही गुठळी म्हणजे शरीरानं स्वतःच बांधलेली पट्टी आहे. तिच्याखाली उघडं हाड आणि मज्जातंतूंची टोकं झाकलेली राहतात. पुढच्या दिवसांत त्याच गुठळीत नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात, तिची जागा नवं मांस घेतं, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते आणि आतलं हाड भरायला काही महिने जातात. या सगळ्याची सुरुवात त्या गुठळीपासून होते. ती गेली तर हाड उघडं पडतं. पाणी, हवा, अन्नाचे कण सगळं थेट हाडाला लागतं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात.

साध्या दाढा काढल्यावर हे शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं. खालच्या, हाडात अडकलेल्या अक्कलदाढांमध्ये प्रमाण बरंच वाढतं, काही पाहण्यांमध्ये ते शंभरात तीसपर्यंत गेलेलं आहे. सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये आणि आधी एकदा ड्राय सॉकेट होऊन गेलेल्यांमध्येही शक्यता जास्त असते, त्यामुळे हे दोन्ही डॉक्टरांना सांगून ठेवा.

वेपमध्ये धूर नसतो, राख नसते. मग सिगारेटचा नियम वेपला का लावता?

कारण जखमेला धुराखेरीज आणखीही गोष्टी बाधतात.

पहिली गोष्ट ओढ. झुरका घेताना गाल आत जातात आणि तोंडात हवेचा दाब कमी होतो. ताज्या गुठळीला ही ओढ सोसत नाही. स्ट्रॉनं पिऊ नका, जोरात थुंकू नका असं आम्ही सांगतो, तेही याच कारणासाठी.

दुसरी निकोटिन. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. जखमेला रक्त कमी पोचतं, म्हणजे प्राणवायू कमी, भरून काढणाऱ्या पेशी कमी. वेपच्या पॉडमधलं, म्हणजे ज्यूस भरलेल्या छोट्या डबीतलं, निकोटिन बहुतेक वेळा क्षाराच्या रूपात असतं. ते घशाला खवखवत नाही, त्यामुळे किती आत गेलं याचा अंदाजच येत नाही. सिगारेट संपते तेव्हा हात थांबतो. पॉड तसं संपत नाही, अभ्यास करताकरता पोरं तासभर ओढत राहतात.

तिसरी कोरडेपणा. वेपमध्ये जे द्रव भरतात त्या ज्यूसमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, दोन्ही पाणी शोषून घेतात. वेप ओढणाऱ्यांचं तोंड सुकतं ते त्यामुळेच. लाळ कमी झाली की जंतू वाढतात आणि जखम भरायला उशीर होतो. शिवाय वाफ गरम असते आणि ती थेट उघड्या हिरडीवरून जाते.

वेप आणि ड्राय सॉकेट यांच्या संबंधावर सिगारेटइतका अभ्यास झालेला नाही हे खरं आहे. पण सिगारेट ज्या कारणांनी जखम बिघडवते, त्यातली बरीचशी कारणं वेपमध्ये जशीच्या तशी आहेत. एवढ्यावर मी माझ्या पेशंटला थांबायला सांगते.

झिरो निकोटिनचं ज्यूस असेल तर?

रक्तवाहिन्या आकसणं टळेल. ओढ, उष्णता आणि कोरडेपणा राहीलच.

आणि ते खरंच झिरो आहे हे कशावरून? आपल्याकडे वेप चोरून येतो. बाटलीवर काय छापलंय आणि आत काय आहे हे तपासणारं कुणी नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्या हजारो तरुणांची फुफ्फुसं बिघडली आणि ६८ जण दगावले, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत बाजारात चोरून विकला जाणारा, गांजातला अंश असलेला माल सापडला होता. त्यात घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. जखम ताजी असताना अशा मालावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका.

खड्ड्यावर ओला गॉज ठेवून ओढलं तर? किंवा एकदम हळू ओढून नाकानं सोडलं तर?

हे उपाय व्हिडिओंमध्ये फार फिरतात, म्हणून नीट सांगते.

गॉज ठेवल्यानं वाफ थोडी अडेल, पण तोंडातला दाब गॉजखालीही कमीच होतो. शिवाय गॉज काढताना त्याचे धागे गुठळीला चिकटून तीच उपटून येण्याची भीती असते. हळू ओढलं तर ओढ कमी लागते हे बरोबर. पण गुठळी दर वेळी ओढीनं निसटते असं नाही. बऱ्याचदा ती जागच्या जागी विरघळून जाते आणि त्यात निकोटिन, जंतू, दाढ काढताना हाडाला लागलेला मार या सगळ्यांचा हातभार असतो. नाकानं सोडल्यानं काहीच फरक पडत नाही, कारण ओढताना वाफ तोंडातूनच आत गेलेली असते. वरची दाढ काढली असेल आणि तिची मुळं सायनसपर्यंत गेलेली असतील, तर नाकातून जोर लावणं उलट वाईट. त्या पेशंटना आम्ही शेंबूडही जोरात शिंकरू देत नाही.

वेपवर बंदी आहे ना? डॉक्टरला सांगितलं तर भानगड नाही ना होणार?

भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात-निर्यात करणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं यावर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दवाखान्यातली खुर्ची ही पोलिस चौकी नव्हे. तुम्ही वेप, सिगारेट, मावा, दारू काय घेता हे आम्ही विचारतो ते भूल, औषधं आणि जखम यांचा हिशेब जुळावा म्हणून. खरं सांगितलंत तर मी टाक्यांचा, औषधांचा आणि पुन्हा बोलावण्याच्या तारखेचा विचार वेगळा करते. जंतू मारणाऱ्या क्लोरहेक्सिडिनचं जेल किंवा गुळण्या द्यायच्या की नाही हेही त्यावर ठरतं.

आई शेजारी बसलेली असते. तिच्यासमोर कसं सांगू?

एक्स-रे काढायला आत नेतात तेव्हा सांगा. किंवा भेटीच्या आधी फोनवर, चिठ्ठीवर. “डॉक्टर, दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय” एवढं म्हणालात तरी पुरे, पुढचं आम्ही सांभाळतो.

आणि हे वाचणाऱ्या आयांनाही एक विनंती आहे. मुलानं दाढेच्या निमित्तानं वेपचं कबूल केलं तर तो आठवडा त्याच्यावर ओरडण्यात घालवू नका. सुजलेल्या गालानं, उपाशी पोटी, तलफेनं चिडलेला मुलगा भांडण झालं की गच्चीवर जाऊन पहिला झुरका घेतो. त्याच्या हातात गार ताकाची वाटी द्या. बोलायचं ते टाके निघाल्यावर बोला.

आधी किती दिवस बंद करायला हवं?

या पानावरचा मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच, आणि तो फार कमी जण विचारतात.

निकोटिन बंद केल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं आणि तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. मग हळूहळू उतरते. दाढ काढल्यावरची सूजही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वात जास्त असते. ड्राय सॉकेट सुरू होण्याचे दिवसही तेच. म्हणजे जो माणूस दाढ काढायच्या दिवशी सकाळी शेवटचा झुरका मारून खुर्चीत येतो, त्याच्यावर तिन्ही गोष्टी एकदम कोसळतात. मग तो तिसऱ्या दिवशी रात्री हरतो. यात त्याच्या मनाच्या कमकुवतपणाचा भाग थोडा आणि चुकलेल्या वेळेचा भाग फार मोठा असतो.

म्हणून तारीख ठरली की उलट मोजा. मंगळवारी दाढ काढायची असेल तर आधीच्या बुधवारी नाहीतर गुरुवारी वेप बंद करा. तलफेचे वाईट दिवस तोंड धड असताना निघून जातील. त्या दिवसांत तुम्ही चालू शकता, पोटभर जेवू शकता, मित्रांशी बोलू शकता. दाढ काढून घरी याल तेव्हा राहील फक्त दुखणं, आणि त्यावर गोळी आहे.

एवढे दिवस जमत नसतील तर निदान दोन दिवस आधी बंद करा. तेही नाही जमलं तर डॉक्टरांना तसं सांगा. दाढ काढणं तातडीचं नसेल तर तारीख आठवडाभर पुढे ढकलणं मला कधीही चालतं.

तलफ आली की काय करू? हात आपोआप खिशाकडे जातो.

तलफ एकदा आली की तासभर टिकेल असं वाटतं. खरं तर तिची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढी काही मिनिटं काढायची आहेत. खोली बदला, गार पाण्याचा छोटा घोट घ्या, हाताला काहीतरी काम द्या. पहिल्या दिवशी गालावर बर्फाचा शेक द्यायचाच असतो, १५-२० मिनिटं शेक आणि तेवढीच विश्रांती. त्या वेळेत दोन्ही हात गुंतलेले राहतात.

वेप घरात ठेवू नका. बॅगेच्या तळाशी किंवा गाडीच्या डिकीत लपवून ठेवणं म्हणजे घरात ठेवणंच. संध्याकाळी रंकाळ्यावर ज्या घोळक्यात वेप फिरतो, तिकडे तो आठवडा जाऊ नका. मित्राला सरळ सांगा की दाढ काढली आहे, मला देऊ नको. कोल्हापूरचा मित्र एवढं नक्की ऐकतो, वरून दुसऱ्यांनाही दम देतो.

बोलायला माणूस हवा असेल तर केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोन मोफत आहे.

निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम चालेल का?

च्युइंगम नको. चावण्यानं जखम हलते आणि निकोटिन तोंडातच सुटतं. चघळायच्या गोळ्याही पहिले काही दिवस नकोत.

पॅच कातडीवर लावतात, त्यामुळे ओढ, उष्णता, कोरडेपणा यांचा प्रश्न येत नाही. निकोटिन मात्र रक्तात जातंच. पण जो माणूस पॅच नसेल तर नक्की वेप ओढणार आहे, त्याच्यासाठी पॅच कमी वाईट. किती ताकदीचा आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि पॅच लावलेला असताना वर झुरका घेऊ नका.

वेप नाही ओढत, पण मावा चालेल ना? ओढायचा तर प्रश्न नाही.

नाही, मावाही चालणार नाही. आपल्या भागात हा प्रश्न वेपपेक्षा जास्त येतो. शेजारी निपाणीचा तंबाखूचा पट्टा, कोपऱ्याकोपऱ्यावर पानपट्टी, आणि घरात आजी मिश्री लावणारी. तंबाखू इथे इतका अंगवळणी पडला आहे की कित्येकांना तो व्यसन वाटतच नाही. “सिगारेट नाही डॉक्टर, फक्त मावा” असं निर्धास्तपणे सांगितलं जातं.

माव्यात कात्रलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. सुपारीचे टोकदार बारीक तुकडे सरळ खड्ड्यात जाऊन बसतात. चुना ताज्या हिरडीला भाजतो. तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं आणि वर सांगितलेलं रक्तवाहिन्या आकसण्याचं काम करतं. मग पिंक टाकायची म्हणजे जोरात थुंकणं आलंच. गुठळीच्या दृष्टीनं यात काहीच बरं नाही.

मावा आणि सुपारी खाणाऱ्यांना आणखी एक अडचण असते, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. सुपारीनं गालाच्या आतले पदर कडक होत जातात आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर दाढेच्या भेटीची वाट न बघता तपासून घ्या. असं तोंड आधीच आवळलेलं असेल तर मागची दाढ काढणंही अवघड होतं, आणि हा बदल पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर समोर घोळून मिळणारा मावा अनेकांना गुटख्यापेक्षा सौम्य वाटतो. तो सौम्य नाही.

दुखऱ्या दाढेत तंबाखू दाबून ठेवायची जुनी सवयही घराघरांत आहे. दाढ काढल्यावरच्या खड्ड्यात तसं कुणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा. मिश्री लावणाऱ्यांनीही दहा दिवस डबी बाजूला ठेवावी.

बिडी? हुक्का?

दोन्ही नको. बिडी विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते आणि हुक्क्याला झुरका लांब लागतो, त्यामुळे ओढीच्या हिशेबानं दोन्ही वाईटच.

चुकून दोन-तीन झुरके ओढले. आता काय करू?

घाबरून जोरात चुळा भरू नका. त्यानं उरलेली गुठळीही निघेल. वेप बाजूला ठेवा, पाण्याचा घोट घ्या, रक्त येतंय का पाहा. येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी खड्ड्यावर ठेवून ३० मिनिटं घट्ट चावून धरा आणि दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. पुढचे दोन-तीन दिवस दुखणं वाढतंय की कमी होतंय याकडे लक्ष ठेवा.

दोन झुरक्यांनी प्रत्येकाला ड्राय सॉकेट होतोच असं नाही. पण आता झालंच आहे तर चालू ठेवू या, असा विचार मनात आला तर तिथेच थांबा. जितके झुरके कमी तितकी गुठळी टिकण्याची शक्यता जास्त. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, आम्हाला ते ऐकायची सवय आहे.

ड्राय सॉकेट झाला हे कसं ओळखायचं?

साधं दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जातं. ड्राय सॉकेटचं उलटं असतं. एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग अचानक ठणका सुरू होतो, तो कानात, डोक्याच्या बाजूला, जबड्याखाली जातो. नेहमीची गोळी पुरत नाही. तोंडाला घाण वास आणि चव येते. आरशात पाहिलं तर खड्डा रिकामा, तळाशी पांढुरकं हाड दिसतं. जखमेवर पांढरट-पिवळा मऊ थर दिसला तर मात्र घाबरू नका, तो बहुधा भरत्या जखमेचा असतो. तो काडीनं किंवा ब्रशनं खरवडायचा नाही.

उपचार सोपा आहे. दवाखान्यात खड्डा सलाइननं हळुवार धुतात आणि त्यात औषधाची पट्टी भरतात, तिच्यात बहुधा युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक असतो. काही वेळातच ठणका बराचसा उतरतो. गरजेप्रमाणे पट्टी बदलावी लागते. सहसा आठवड्या-दीड आठवड्यात हे दुखणं मिटतं. मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणून ते बरं होत नाही, कारण मूळ प्रश्न उघड्या पडलेल्या हाडाचा असतो.

मग लवंगेचं तेल घरीच टाकलं तर? हळद?

नको. शुद्ध लवंग तेल थेट हाडाला आणि हिरडीला लागलं तर भाजतं. हळद, तुरटी, गूळ यांचे कण खड्ड्यात अडकतात आणि तेच पुढे कुजतात. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा करा, एका पेल्यात अर्धा चमचा मीठ. पाणी तोंडात घ्या, मान इकडून तिकडे कलती करा आणि बेसिनवर तोंड उघडून पाणी आपोआप पडू द्या. खळखळायचं नाही, थुंकायचं नाही.

खायचं काय? कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा बंद म्हणजे शिक्षाच.

आठवडाभराची गोष्ट आहे. भूल उतरेपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, काही चावू नका, नाहीतर ओठ आणि गाल चावला जातो आणि कळतही नाही. पहिल्या दिवशी गार आणि पातळ : ताक, दही, गार केलेलं दूध, नाचणीची आंबील, आईस्क्रीम. सगळं वाटीनं किंवा चमच्यानं, स्ट्रॉ नाही. उसाचा रस प्यायचा तर स्वच्छ पेल्यातून, बर्फाच्या तुकड्यांशिवाय. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात, मुगाचं वरण, उपमा, केळं, कुस्करलेला बटाटा.

मिसळ, तांबडा रस्सा आणि ठेचा यांना आठवडाभर सुट्टी. तिखट झोंबतं आणि गरम रस्सा रक्त पुन्हा सुरू करू शकतो. पांढरा रस्सा चार-पाच दिवसांनी, कोमट करून, गाळून. त्यातली खसखस आणि तीळ नीट वाटलेले नसतील तर दाणे खड्ड्यात जातात. भडंग आणि भेळ टाके निघेपर्यंत नको. चुरमुऱ्याचं एक टरफल खड्ड्यात गेलं की दोन दिवस सलतं. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायची सवय असेल तर त्या आठवड्यात दूध घरी आणून, उकळून, गार करून प्या. तोंडात उघडी जखम असताना कच्चं दूध नको.

दारूही नको, विशेषतः मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर. मळमळ, उलटी, धडधड असा त्रास होऊ शकतो.

तालमीत कधी जाऊ? जिम?

तीन-चार दिवस पूर्ण बंद. हाड कापलेलं असेल तर आठवडा. जोर-बैठका काढताना डोकं खाली जातं, रक्तदाब वाढतो आणि जखम पुन्हा वाहू लागते. लढत तर दोन आठवडे नकोच, जबड्याला एक धक्का पुरतो. आखाड्याच्या कट्ट्यावर बसून बघायला हरकत नाही, पण जिथे मावा मळून हातावर ठेवला जातो तिथून लांब बसा.

घरात वडील सिगारेट ओढतात. त्याचा त्रास होईल का?

बंद खोलीत त्यांना ओढू देऊ नका. धुरानं तोंड, घसा कोरडा पडतो आणि खोकला आला की जखमेवर ताण येतो. वडिलांनी आठवडाभर बाहेर जावं, आणि मुलासमोर पाकीट टेबलावर ठेवू नये. तलफ वासानं जागी होते.

गाव लांब आहे. दाढ कुठल्या दिवशी काढावी?

चंदगड, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडून येणाऱ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा. ज्या दिवसांत ड्राय सॉकेट होतो, त्या दिवसांत तुमचा दवाखाना उघडा हवा. शनिवारी दाढ काढून गावाकडे गेलात आणि रविवारी रात्री रक्त येऊ लागलं, किंवा जोडून सुट्ट्या आल्या, तर वेदनेत वाट बघत बसावं लागतं. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीची तारीख मागा. परत जाताना मोटरसायकलवर मागे बसून घाटाचे धक्के खात जाण्यापेक्षा एसटी किंवा चारचाकी बरी. खिशात गॉजचे चार तुकडे असू द्या.

कोणत्या लक्षणांवर लगेच धावायचं?

३० मिनिटं गॉज चावून, पुन्हा एकदा तसंच करूनही रक्त थांबत नसेल तर. तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप १०१ च्या वर असेल, पू येत असेल तर. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिरच असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

गिळता येत नसेल, श्वासाला अडचण वाटत असेल, सूज गळ्याकडे किंवा जिभेखाली उतरत असेल, तर दाताच्या दवाखान्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. रात्रीचे दोन वाजले असतील तरी.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूची दाढ काढायची आहे. मधल्या काळात पुन्हा सुरू केलं तर चालेल?

पहिल्या बाजूसाठी तुम्ही तलफेचे सर्वात वाईट दिवस आधीच भोगून झालात. मध्येच सुरू केलंत तर दुसऱ्या तारखेच्या आधी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आणि पहिला खड्डाही अजून पूर्ण मिटलेला नसेल. दोन्ही बाजू होईपर्यंत सलग बंद ठेवा. दुसऱ्या बाजूचे टाके निघाले की साधारण महिना होत आलेला असतो. त्या भेटीत वेप कायमचा सोडायचा विचार असेल तर तसं सांगा, त्याच दिवशी पुढची आखणी करता येते.